चित्राखालचे नाव

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत जावे आणि पाचवीतल्या मुलाला "एक चित्र काढ" असे सांगावे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघून थेट कागदाच्या तळाशी पोहोचणारी नदी, काठावर कौलारू घर, घराशेजारी नारळाचे एक झाड आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. हे चित्र मी विदर्भात पाहिले, मराठवाड्यात पाहिले, आणि गेली अनेक वर्षे इथे केळव्यातही पाहतो आहे. नारळ तेवढा आमचा खरा. बाकी गावाच्या पश्चिमेला उघडा समुद्र आहे, सूर्य रोज संध्याकाळी सुरूच्या बनामागे सरळ पाण्यात उतरतो, आणि भरती असली की पाणकोट चारी बाजूंनी वेढला जातो. हे सारे आमची मुले रोज पाहतात. पूर्वेला लांबवर काळदुर्गाची रांग दिसते हे मान्य. पण मुलांच्या वहीतले ते दोन त्रिकोण काळदुर्गाचे नव्हेत. ते कुठलेच नव्हेत.

मुलांना समुद्र दिसत नाही, असे कसे म्हणावे? भरतीची वेळ ती घड्याळ न पाहता सांगतात. त्यांचे डोळे उत्तम आहेत. आपण पाहिलेले कागदावर मांडण्याच्या योग्यतेचे आहे, हा विश्वास मात्र त्यांच्यापाशी नाही. चित्र म्हणजे आधीच कोणीतरी मान्य केलेली वस्तू, आणि आपले काम ती वस्तू जशीच्या तशी उतरवणे, असे त्यांनी कधीतरी मनात धरलेले असते. निबंधात तेच, इतिहासाच्या उत्तरात तेच. उत्तर मार्गदर्शकातून आले की सुरक्षित, स्वतःच्या डोक्यातून आले की धोक्याचे. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या "तुला काय कळते?" हा एकच प्रश्न ऐकला, त्या समाजाच्या मुलांमध्ये ही भीती थोडी अधिक खोल असते. ती वक्तृत्व स्पर्धेने जाते असे आपण समजतो. दर चौदा एप्रिलला व्यासपीठावर घडाघडा भाषण करणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतली बहुतेक भाषणे मोठ्यांनी लिहून दिलेली होती. चित्र दुसऱ्याने काढून दिले तर ते तत्काळ ओळखू येते. म्हणूनच मुलाचा आत्मविश्वास खरोखर वाढतो आहे का, हे पाहायचे असेल तर मी त्याच्या भाषणापेक्षा त्याच्या कागदाकडे पाहीन.

गेल्या तीन-साडेतीन वर्षांत एका मुलीच्या बाबतीत हे मला जवळून पाहता आले. ती आता दहावीत आहे. तिचे नाव इथे देत नाही. ते कुठे आणि केव्हा लिहायचे हे ती स्वतः ठरवते, आणि पुढचा मजकूर त्याविषयीच आहे. सातवीत ती बोईसरहून आपल्या वसतिगृहात आली. आई तारापूर औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात, वडील टेम्पो चालवतात. चित्रकला शिक्षक निवृत्त झाल्यापासून ते पद रिकामेच होते आणि आठवड्यातले चित्रकलेचे दोन तास गणिताकडे वळले होते. रात्रीच्या अभ्यासिकेवर देखरेखीला मी असे. अभ्यास आटोपल्यावर झोपण्याच्या घंटेपर्यंत जो अर्धा-पाऊण तास उरे, त्यात काही मुले कॅरम खेळत, काही कपड्यांची घडी करत, आणि चार-पाच जण चित्रे काढत. त्यांत ही एक.

सुरुवातीला ती कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या जागेत चित्र काढी. उरलेला कागद कोरा. प्रत्येक रेघेला पट्टी. पेन्सिल इतकी हलकी की दिव्याखाली धरल्याशिवाय काही दिसू नये. खोडरबर पेन्सिलपेक्षा आधी झिजे, आणि एका जागी इतके खोडलेले असे की कागदाचा लगदा वर येई. कोणी जवळ आले की डावे कोपर कागदावर. आणि दर पाच मिनिटांनी प्रश्न : "सर, बरोबर आहे का?"

मी इतिहासाचा शिक्षक. पट्टीशिवाय सरळ रेघ मला आजही जमत नाही. बरोबर की चूक हे सांगण्याची माझी पात्रता नव्हती, म्हणून मी उलट विचारी, "हे काय आहे?" पहिले वर्षभर उत्तर येई : डोंगर, घर, फूल. आठवीत असताना एका रात्री उत्तर आले, "आमच्या चाळीमागचा नाला." कागदावर खरोखरच नाला होता, त्यावर टाकलेली फळी होती आणि फळीवरून डोक्यावर हंडा घेऊन जाणारी एक बाई होती. बाई आणि हंडा जवळजवळ सारख्याच आकाराचे झाले होते. नाल्याचे पाणी मात्र तिने चार वेळा रंगवले होते. मी विचारले तर म्हणाली, "सर, तो कधी जांभळा असतो, कधी गंजका. तो रंग पेटीत नाही." मग तिने तो तयार केला, तपकिरीत जांभळा मिसळून, त्यावर थोडा हिरवा. बारा रंगांच्या पेटीत नसलेला रंग आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून तयार करणे, ही माझ्या मते त्या मुलीच्या शिक्षणातली पहिली मोठी घटना होती. तिची नोंद कुठल्याही प्रगतिपुस्तकात झाली नाही, कारण तसा रकानाच नाही.

त्याच वर्षी आम्ही सहावी ते आठवीची मुले नालासोपाऱ्याच्या स्तूपावर नेली होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' या नावाने ओळखला जाणारा तो उंचवटा खणला आणि आतल्या दगडी पेटीतून तांब्याचा करंडक, बुद्धमूर्ती, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे बाहेर आले, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगितले. परतल्यावर चित्रे काढायला लावली. वीस-बावीस चित्रे आली, आणि जवळपास सगळ्यांत सांचीचे तोरण होते! पाठ्यपुस्तकातला स्तूप मुलांनी सोपाऱ्यात नेऊन ठेवला होता. या मुलीच्या चित्रात विटांचा, एका बाजूने खचलेला उंचवटा होता आणि त्याच्या सावलीत डबे उघडून बसलेली आमची मुले होती. आमच्या एका सहकारी बाईंनी प्रेमाने तिची पेन्सिल घेतली आणि उंचवट्याची कड जरा गोल करून द्यायला लागल्या. मुलीने कागदावर हात ठेवला. "नको मॅडम, तो तसाच आहे." आवाज अगदी बारीक होता, पण हात उचलला नाही. बाईंनीही समजुतीने पेन्सिल परत दिली.

आता नावाविषयी. सातवीत ती चित्राच्या पाठीमागे हजेरी क्रमांक आणि इयत्ता लिही, उत्तरपत्रिकेवर लिहितात तशी. आठवीत नाव पुढच्या बाजूला आले. खाली उजवीकडे, पेन्सिलीने, मुंगीएवढे. नववीच्या दिवाळीनंतर ते कुंचल्याने, रंगात येऊ लागले. तिच्या रेघांत, प्रमाणात, छायाप्रकाशात काय सुधारले हे एखादा चित्रकला शिक्षक माझ्यापेक्षा चांगले सांगू शकेल. माझे लक्ष नावावर गेले, आणि ते इतिहासाच्या माणसाचे जावे हे स्वाभाविक आहे.

कारण आपल्या इतिहासात वस्तू राहिल्या आहेत आणि त्या घडवणाऱ्यांची नावे गेली आहेत. मोट, जोडे, डफ, टोपल्या, दोरखंड, मडकी यांवर गावगाडा चालला, पण कोणत्या मोटेवर कोणाचे नाव होते? बौद्ध लेण्यांत मात्र अधूनमधून वेगळेच दिसते. सांचीच्या दक्षिण तोरणावर लिहून ठेवले आहे की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्यात सापडलेली एक हसरी यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावरच्या लेखात ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली असे म्हटले आहे. आणि कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याच्या कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका भग्न मूर्तीजवळ एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच तिचा अर्थ. लेणे दोन हजार वर्षांहून जुने. मूर्तीचे शरीर गेले, मस्तकाचा भाग आणि ती ओळ राहिली.

'अंतेवासी' या शब्दावर आपल्या वाचकांनी क्षणभर थांबावे. गुरूच्या सान्निध्यात राहून शिकणारा तो अंतेवासी. आपल्या निवासी विद्यालयातल्या प्रत्येक मुलाला हा शब्द जसाच्या तसा लागू पडतो. बलकाने आपल्या गुरूचे नाव लिहिले, आपण त्याचे अंतेवासी आहोत हे लिहिले, पण "केले" या क्रियेचा कर्ता स्वतःला ठेवले. त्या काळी शिष्याने असे लिहावे आणि ते कोणी छिन्नीने तासून टाकू नये, यात त्या संघाच्या वातावरणाविषयी बरेच काही कळते असे मला वाटते. वर्गात हा लेख शिकवताना मी तारखेवर फार वेळ घालवत नाही. या एका ओळीवर घालवतो.

मुलांच्या चित्रांखालच्या नावांचे याहून जड उदाहरण युरोपात आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी चेक प्रदेशातल्या तेरेझिन या किल्ल्याच्या गावात ज्यूंना कोंडले होते. तिथे मुलांसाठी वेगळी निवासगृहे होती. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची एक चित्रकर्ती १९४२ च्या डिसेंबरात तिथे कैदी म्हणून आली आणि मुलांना चित्रकला शिकवू लागली. कागद मिळेल तो. कार्यालयातले रद्दी फॉर्म, वेष्टने, काहीही. तिचा आग्रह असे की प्रत्येक मुलाने चित्रावर आपले नाव लिहावे. जिथे माणसाला क्रमांक दिला जात होता, तिथे हा आग्रह. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. तत्पूर्वी तिने दोन पेट्यांत भरून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रे वाचली आणि ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. पण ती कोण होती हे चित्रांखाली वाचता येते.

इतक्या लांब जायचे कारण एवढेच की मुलांची चित्रे हा शाळेच्या सजावटीचा विषय मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. पाहुणे येणार असले की फलकावर चित्रे लागतात, पाहुणे गेले की टाचण्या काढून डब्यात. आणि सजावटच करायची तर पालघर जिल्ह्यात वारली चित्र हाताशी असतेच. रेल्वे स्थानकावर वारली, कार्यालयाच्या कुंपणावर वारली, शाळेच्या भिंतीवर वारली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर एक गोल ठेवला, झाला माणूस. तारपा वाजवणारा मध्यभागी, भोवती फेर. छापील पुस्तके मिळतात, साचेही मिळतात. बिगर-आदिवासी मुलेही 'आपल्या जिल्ह्याची कला' म्हणून तोच फेर काढतात. हा दोन डोंगर आणि सूर्य यांचाच नवा अवतार आहे, असे म्हटल्यास काहींना राग येईल. तरी मी ते म्हणतो, आणि वारली चित्रकलेविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो. ती आदिवासी समाजाची ठेव आहे. २०१४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुसऱ्यांच्या ठेवीचा साचा करून आपल्या मुलांच्या हाती देणे हे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

शिवाय या कलेचा आपल्या काळातला सर्वांत मोठा कलावंत साच्यातून बाहेर पडूनच मोठा झाला. आपल्या केळवे रोडहून गाडीत बसले की पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू. तिथून आत, गंजाडच्या बाजूला कलंबीपाडा. जिव्या सोमा मशे तिथले. १९३४ चा जन्म, मे २०१८ मध्ये निधन. लहानपणी आई गेली आणि या मुलाने बोलणेच सोडले, धुळीत बोटाने चित्रे काढून तो आपले म्हणणे सांगे, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. वारली चित्र तोवर लग्नाच्या विधीचा भाग होते. लग्नघराच्या भिंतीवर गेरूच्या अस्तरावर तांदळाच्या पिठाने सवासिनींनी चौक लिहायचा, त्यात पालघट देवीची स्थापना, शेजारी धवलेरीची गाणी. काम बायकांचे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकला योजनेतून या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन आले, ते या बायकांसाठी. बायका संकोचल्या. जिव्याने मात्र विधीचे निमित्त नसतानाही चित्र काढायला घेतले. पुढे राष्ट्रीय पुरस्कार, परदेशांतली प्रदर्शने, २०११ ची पद्मश्री. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र प्रसिद्ध आहे. सबंध कापडभर एक जाळे पसरले आहे आणि त्याच्या विणीत नजर अडकून राहते. लग्नचौकात असे जाळे कुठे होते? ते त्या माणसाने पाहिलेले होते. जिव्या मशे यांच्याकडून मुलांनी घ्यायचे ते हे. त्रिकोणी माणूस घेऊन काय करायचे?

एक गोष्ट याच ओघात नोंदवली पाहिजे. ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. कला कागदावर आली, बाजारात आली, तिला किंमत आली, आणि प्रसिद्धीस आलेली नावे बहुतांशी पुरुषांची होती. आपल्याकडच्या मुलींच्या चित्रांखाली नाव आहे की नाही, हे मी दोनदा तपासतो ते यामुळे.

आता पालकांविषयी. नववीच्या पालकसभेला या मुलीची आई आली होती. पाळी बदलून आलेली, दुपारी परत कामावर जायचे होते. मुलीची चित्रे पाहून तिला आनंद झाला हे दिसत होते, तरी जाताना तिने विचारले, "सर, चित्रानं पोट भरतं का?" या प्रश्नाला हसणारे लोक मला आवडत नाहीत. आपल्या समाजाने शिक्षण घेतले ते पोटासाठी आणि मानासाठी, आणि दोन्हींसाठी नोकरी लागते हे अनुभवाने शिकलो. त्या माउलीला मी व्यवहाराचे उत्तर दिले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा आहेत, इंटरमिजिएट झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात. पुढे कला शिक्षक पदविका आहे, उपयोजित कलेची पदवी आहे, १८५७ पासून चालत आलेले मुंबईचे जे.जे. आहे आणि त्यात आपल्या मुलांसाठी आरक्षित जागाही आहेत. ती समाधानाने गेली.

मुलीने एलिमेंटरी दिली, ब श्रेणी मिळाली. परीक्षेविषयी माझे मत थोडे तिरके आहे, तेही सांगतो. गुण सोडून देणे आपल्या मुलांना परवडत नाही, तेव्हा परीक्षेला जरूर बसवावे. पण स्मरणचित्राच्या तयारीसाठी बाजारात जी पुस्तके मिळतात, त्यांतली जत्रा, बाजार, बसथांबा, पावसाळा अशी तयार चित्रे मुले पाठ करतात आणि परीक्षेत ओकतात. स्मरणचित्र म्हणजे आपल्या आठवणीतले चित्र. दुसऱ्याच्या आठवणी पाठ करून त्याला श्रेणी मिळवणे हा प्रकार आपल्या सबंध शिक्षणपद्धतीचे उत्तम स्मरणचित्र आहे!

पण पोटाच्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्यावर संपत नाही. बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, प्रकृती साथ देत नसताना आणि कामाचा डोंगर उभा असताना, चित्रकला शिकायला घेतली आणि उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र काढले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्या चित्राने त्यांचे कोणते काम झाले? तरी त्यांना ते काढावेसे वाटले. मिटलेल्या डोळ्यांच्या असंख्य मूर्ती जगात असताना आपल्याला बुद्ध कसा दिसतो हे त्यांना स्वतःच्या हाताने पाहायचे होते. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य आपल्या चित्रांतून पुन्हा पुन्हा उभा केला. पेशवाईतली ही प्रथा पाठ्यपुस्तकात आली तरी एका वाक्यात येते, आणि ते वाक्य मी कित्येक वर्षे शिकवतो आहे. सावरकरांचे एक चित्र फळ्यावर लावले की वर्गात जी शांतता पसरते, ती माझ्या व्याख्यानाने कधी पसरली नाही.

आपल्या तरुणपणीचे पेंटर आठवा. भीमजयंतीची कमान, मिरवणुकीच्या रथामागचा पडदा, बुद्धविहाराच्या भिंतीवरची धम्मदीक्षा, हे सारे वस्तीतलाच एखादा पेंटर रंगवी. शिडीवर चढलेला, पायजम्यावर रंगाचे शिंतोडे, आणि खाली वीस पोरे मान वर करून उभी. बाबासाहेबांचा चष्मा कधी थोडा तिरपा होई. पण उजव्या कोपऱ्यात त्याची सही असे, 'अमुक आर्ट्स' म्हणून, आणि पुढच्या जयंतीपर्यंत तो माणूस वस्तीत ताठ मानेने फिरे. फ्लेक्स आला आणि शिडी गेली. आता फलकावर बाबासाहेबांच्या भोवती पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो असतात, आणि चित्र कोणाचे हा प्रश्नच कुणाच्या मनात येत नाही.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना काही सांगायचे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण शंभरहून अधिक पट असेल तर. म्हणजे शंभराच्या आतल्या शाळेतल्या मुलांना डोळे नसतात, असा त्याचा अर्थ निघतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय सर्वांसाठी असावा असे म्हटले होते. प्रत्यक्षात शिक्षक निवृत्त झाला की पद गोठते आणि तास गणिताला जातो. गणित महत्त्वाचे आहे. माझा त्याच्याशी वाद नाही. आठवड्यातले दोन तास परत मिळावेत एवढेच मागणे आहे. पूर्णवेळ पद मंजूर होईपर्यंत मानधनावर एक चित्रकला शिक्षक नेमता येईल, आणि तो खर्च माजी विद्यार्थी मंडळाने तीन वर्षे उचलावा, असे मी मंडळाच्या बैठकीत बोललो आहे. तिथे एका मित्राने विचारले की त्याच पैशांत दोन संगणक येतील. येतील. संगणक कक्षात आज जे आहेत त्यांतले निम्मे धूळ खात आहेत, हेही त्याला दाखवले.

नव्या इमारतीच्या आराखड्यात सभागृह आहे, ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे. चित्रकलेची खोली नाही. स्वतंत्र खोली शक्य नसेल तर उत्तरेकडचा व्हरांडा बंद करून घ्यावा; दिवसभर सारखा उजेड तिथेच असतो, हे मला त्या मुलीने सांगितले. देणगी म्हणून दरवर्षी येणाऱ्या वह्यांच्या गठ्ठ्यांत आखलेल्या वह्याच असतात. येत्या जूनमध्ये कुणी मोठे ड्रॉइंग पेपर पाठवले तर बरे होईल, आणि बारा रंगांच्या पेट्यांऐवजी मोठ्या ट्यूबमधले पाच-सहा मूळ रंग. मिसळायचे काम मुले करतील.

आणखी एक विषय भोजनगृहाच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा. वर्धापनदिनासाठी ती रंगवून घ्यायचे ठरते आहे, आणि एका ठेकेदाराचे दरपत्रकही आले आहे. त्यात 'वारली डिझाइन, प्रति चौरस फूट' अशी एक ओळ आहे. ते काम देऊ नये. भिंत मुलांना द्यावी, आठवी ते दहावीच्या, काय काढायचे ते त्यांनी ठरवावे, आणि प्रत्येकाने आपल्या भागाखाली नाव लिहावे. चुना आणि अस्तराचे काम मात्र मे संपण्यापूर्वी उरकायला हवे, नाहीतर समुद्रावरचा वारा आणि पहिला पाऊस त्या भिंतीवर काही टिकू देणार नाहीत. शिडी शाळेत आहे. परातीएवढे दोन जुने डबे आणि सहा इंची ब्रश लागतील.